निवृत्तीभाऊंसाठी प्रार्थना

चर्चच्या फाटकाशी पोचेपर्यंत रावजीचं तोंड एकसारखं चालू होतं. रावजी माझा धाकटा भाऊ. मला माहेरी न्यायला घोटीला आला होता. नवरा गेला की तेराव्यानंतर बाईचं घराबाहेरचं पहिलं पाऊल माहेरीच पडायला हवं, त्याआधी तिने कुणाच्या उंबऱ्यात जायचं नसतं, असा आमच्यात रिवाज आहे. आमचं माहेर दिंडोरीकडे. घोटीहून नाशिकला यायचं आणि सीबीएसवरून दिंडोरीची एसटी धरायची, एवढं साधं काम त्याला दिलेलं. आणि मी त्याला रिक्षात कोंबून शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत आणलं होतं.

"आक्का, पयलं पाऊल माह्यारी पडाय पायजे. लोकं काय म्हनतील?"

"लोकं दिंडोरीत हायेत. हितं कोन बघतंय तुला?"

"आन् आत पानी शिंपडत्यात म्हनं. थेंब जरी पडला तरी बाटला मानूस."

"मग तू भायेरच ऱ्हा. कोरडा ऱ्हा."

तो समोरच्या टपरीच्या बाकड्यावर जाऊन बसला. बसताना पायातल्या चपला काढून मांडीखाली घेतल्या. कुठून पाणी येईल याचा त्याला भरवसा नव्हता.

मला हसायला आलं असतं, पण हसायचंही त्राण उरलं नव्हतं. माणूस मेल्यावर दुःख होतं असं सगळे सांगतात, थकवा किती येतो ते कोणी सांगत नाही. येणारा प्रत्येक जण ओसरीवर बसला की विचारायचा, "कसं काय झालं?" मग मी पहिल्यापासून सांगायची. पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, थंडी पडली तशी छाती भरली, पहाटे गेले. तो डोळे पुसायचा, चहा प्यायचा, उठायचा. दुसरा यायचा. सांगून सांगून मालकांचं मरण मला परवचा म्हणावा तसं पाठ झालं होतं. साऱ्या घोटीला सांगून झालं, घोटीपलीकडच्या सोयऱ्यांना सांगून झालं. एकीलाच सांगायचं राहिलं होतं.

ती आत होती. आशा, माझी लेक. तिचा बाप गेला हे तिला माहीतच नव्हतं.

आशा नर्सिंग शिकायला नाशिकला आली आणि शिकता शिकता तिने दिनेशशी लग्न लावलं. दिनेश दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. मुलगा सरळ, पण ख्रिश्चन. लग्नाची खबर घरी आली त्या दिवशी मालक भाताची गिरणी बंद करून दुपारीच घरी आले, अंगणात दगडावर बसले आणि डोक्यावरून थंड पाण्याच्या घागरी ओतून घेतल्या. मेलेल्या माणसाच्या नावाने आंघोळ करतात, तशी जित्या पोरीच्या नावाने आंघोळ केली. मला तिचा राग आला होता, नाही असं नाही. मला एका शब्दाने विचारलं नव्हतं तिने. पण माझा राग जेवणापर्यंत टिकणारा. मालकांचा राग म्हणजे गिरणीचा पट्टा, एकदा फिरायला लागला की हात घालायची सोय नाही. नंतर तिचं नाव घरात निघालं नाही.

मालक गेले तेव्हा मी शेखरला, माझ्या मुलाला म्हटलं, आशाला बोलाव. तो म्हणाला, "तिच्या नावाची आंघोळ झालीये आई. मेलेल्याला मेलेल्याची खबर कोण देतं?" भाऊबंदांनी माना डोलावल्या. शब्द असा कडक टाकला की तोच न्याय ठरतो. दहावा रामकुंडावर केला. म्हणजे याच नाशकात, रिक्षाने जावं तर लगेच पोचावं एवढ्यावर लेक राहत होती, आणि बापाचा दहावा तिच्या अंगणात होऊन गेला तरी तिला ठाऊक नाही. तेराव्याचे लाडू वाढून झाल्यावर मी आमच्या गिरणीच्या टेंपोवरच्या सहादूला मागच्या दारी गाठलं. तो माल घेऊन नाशकाला जाई, त्याची तिची गाठ पडे, हे मला अंदाजाने कळत होतं. तो आधी कबूलच होईना. शेखरने त्याला दम भरला होता. मग म्हणाला, "घर नाय ठावं, काकू. पन रविवारी ती त्यांच्या चर्चमधी आस्ती बघा. तितं गेली का घावंल." त्याने रस्ता सांगितला.

तर मी आले होते ते एवढं एकच सांगायला. ते सांगायचं आणि दिंडोरीची गाडी धरायची. त्यापुढचा विचार मी केला नव्हता.

आता रिवाजाचं म्हणाल, तर मी त्यातूनही वाट काढली होती. नव्या विधवेने कुणाच्या घरात जायचं नाही. चर्च काही कुणाचं घर नाही. देवळात जायचं नाही. तर हे आपलं देऊळ नाही. दोन्ही 'नाही'मधून मी बरोबर आत शिरले. रावजीला हे समजावलं असतं तर संध्याकाळ झाली असती.

पायरीपाशी मी चपला काढल्या. बघते तर तिथे माझी एकटीचीच जोडी. लोक खुशाल पायताणांसकट आत चाललेले. दारात जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक म्हातारी बाई उभी होती, अंगाने भरलेली, पांढऱ्यावर निळ्या ठिपक्यांचं पातळ. तिने मला बघितलं आणि दोन्ही हात पुढे करून आली.

"जय ख्रिस्त, बाई! या, या. चपला घाला, फरशी बर्फासारखी आहे. नवीन दिसता. कुठून आलात?"

"घोटीवरून."

"घोटीला आपली मंडळी आहे? बघा, मला पत्ताच नव्हता!" तिने माझा हात शालीवरून धरला. "मी मार्था. सगळे मार्थाकाकू म्हणतात. तुम्ही माझ्याजवळ बसा. पहिल्यांदा आलेल्या माणसाला आम्ही एकटं बसू देत नाही."

आपली मंडळी? मला ती ख्रिश्चनच समजली होती. का समजली ते माझ्या लक्षात येईना. तिच्यामागे आत गेले आणि मग आलं. डावीकडे सगळ्या बायका, उजवीकडे पुरुष. बायकांच्या डोक्यांवर पदर, आणि त्या पदरांखाली एकजात उघडी कपाळं. म्हाताऱ्या, सुना, कॉलेजच्या पोरी, एकीच्याही कपाळाला काही नाही. सकाळी एसटीत हिरव्या चुड्याची एक पोर माझ्या शेजारी टेकली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उठून पुढे जाऊन उभी राहिली. घोटी ते नाशिक उभी. तिचं चुकलं असंही नाही, तिच्या सासूने तिला तेच शिकवलं असणार. कुंकू पुसल्यापासून लोक माझ्याशी बोलताना कपाळाशी बोलत होते. इथे माझ्या कपाळाकडे कोणी बघेना. इथे मी नुसती एक थंडी वाजणारी बाई होते. मला इतकं बरं वाटलं की त्या बऱ्या वाटण्याची लाज वाटली.

मार्थाबाईने मला शेवटून दुसऱ्या बाकावर बसवलं, माझ्या हातात गाण्याचं पुस्तक दिलं आणि त्यातलं पानही काढून दिलं. मी ते नुसतं धरून बसले. समोर लाकडी क्रूस, त्याखाली टेबलावर पांढरं कापड आणि शेवंतीची फुलं. मूर्ती नाही. नमस्कार कुणाला करायचा ते कळेना म्हणून मी फुलांना केला.

मग पेटी आणि तबला सुरू झाला, आणि मी आशाला बघितलं. ती पुढे बाजूला गाणाऱ्यांच्या रांगेत उभी होती. मला तिची एकच बाजू दिसत होती. अंगाने भरली होती. केस कानामागे घ्यायची खोड तीच. गाण्याची चाल मला ओळखीची लागली, आमच्याकडे भजनात असते तशीच. शब्द तेवढे वेगळे. ती डोळे मिटून गात होती. घरी असताना तिला आरतीला हाका मारून बोलवावं लागे, आणि इथे बघा. मनात म्हटलं, गा बाई, गा. आता थोड्या वेळाने मी तुझं गाणं बंद करणार आहे.

त्यानंतर नुसती उठबस. उभे राहा, बसा, डोळे मिटा, उघडा. मार्थाबाई मला कोपराने हळूच ढोसायची आणि मी उठायची. उठायला उशीर झाला तर कोणी वळून बघत नव्हतं, हसत नव्हतं. एकदा ती कानात म्हणाली, "दमला असाल तर बसून राहा, देव काही मोजत बसत नाही." हे वाक्य आमच्या गुरुजींनी त्या तेरा दिवसांत एकदा म्हटलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते.

मखमली थैली फिरत आली. लांब दांडा असलेली. मी आरतीचं तबक समजून वरून हात फिरवला आणि डोळ्यांना लावला. थैली धरणाऱ्या माणसाने जराही चेहरा न हलवता मला मान लववली आणि पुढे गेला. मार्थाबाईने माझी मांडी थोपटली. मागच्या बाकावरचीने त्या थैलीत नोट टाकली तेव्हा माझं काय चुकलं ते कळलं.

पाळकसाहेब म्हणजे तिथले मुख्य. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस, पांढरा झगा, आवाज मऊ. ते म्हणाले, "आता आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करू." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पण घातली. ते एकेक नाव घेत आणि सगळे मिळून म्हणत, "प्रभू, आमचं ऐक." कुणाची शस्त्रक्रिया, कुणाचं बाळ पोटात आडवं, कुणाचा डोळा. मला त्या सुरावर डुलकी यायला लागली होती. रात्रीची झोप अशी नव्हतीच कितीतरी दिवसांत.

"आपल्या आशाबाईंचे वडील निवृत्तीभाऊ, घोटी, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आहेत. हे दयाळू बापा, त्यांच्या अंगात पुन्हा बळ घाल. त्यांच्या जिभेला बोल दे. त्यांच्या घरावर तुझी शांती असू दे."

"प्रभू, आमचं ऐक," सगळे म्हणाले.

माझी झोप उडाली. लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं, ते भरल्या सभेत माईकवरून घेतलं गेलं, आणि शे-दीडशे अनोळखी माणसांनी ते बरे व्हावेत म्हणून देवाला हात जोडले. त्यांच्या अस्थी गोदावरीत वाहून गेल्या होत्या. त्या एवढ्या माणसांत हे मला एकटीला माहीत होतं.

मार्थाबाई मान खाली घालूनच माझ्या कानाशी कुजबुजली. "त्या पोरीचे वडील. झटका आल्याचं कळलं तेव्हापासून दर रविवारी नाव घेतो आम्ही. ती शुक्रवारी उपास धरते. घरचे येऊ देत नाहीत हो तिला. मी तिला सांगते, तू सोडू नकोस, आपला देव ऐकतो."

मला राग आला. कुणाचा, ते सांगता यायचं नाही. या म्हातारीचा आला, तिच्या देवाचा आला, शेखरचा आला, घागरी ओतून घेणाऱ्या माणसाचा आला. तो तिकडे जित्या लेकीला मेली म्हणून मोकळा झाला, आणि ही इकडे मेलेल्या बापाला जिता म्हणून उपास धरते. एका घरातली माणसं, पण एकाचं एकाला ठावं नाही. उठावं आणि ओरडावं असं वाटलं, बंद करा, तो गेला, मी त्याला पाणी पाजलंय. नाहीतर गुपचूप बाहेर जावं, रावजीला उठवावं आणि गाडी धरावी. दर रविवारी नाव घेतील बिचारे. पोरीचा बाप तेवढा इथे तरी जिवंत राहील. काय वाईट आहे?

मी खरंच उठले. शाल सावरून बाकाच्या कडेला आले. पण मार्थाबाईला वाटलं, मी उभी राहतेय ती दुसऱ्याच कारणाने. कारण नेमके तेव्हाच पाळकसाहेब हसून म्हणाले होते, "आज आपल्यात कोणी नवीन आलं असेल तर उभं राहावं, आपण त्यांचं स्वागत करू."

"या आपल्या बहीण, घोटीहून आल्यात!" मार्थाबाईने माझा दंड धरून जाहीर केलं.

सगळं चर्च वळलं. टाळ्या वाजल्या. पुढून एकजण शेवंतीचं फूल घेऊन माझ्याकडे निघाला. जन्मात कोणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि वाजवायची ही वेळ होती! घोटी हे नाव ऐकून आशानेही मान वळवली. तिने मला बघितलं. आधी तोंड, मग कपाळ. मी कपाळावर पैशाएवढं कुंकू लावत असे, मेण लावून, रोज. पोर ते बघत मोठी झालेली. तिने तोंडावर हात धरला.

कळलं हिला, मी मनात म्हटलं. सुटले. तोंडाने काही सांगावं लागलं नाही.

पण तिने हात खाली घेतला आणि ती हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होती. मला काही उलगडेना. पाळकसाहेब म्हणाले, "एकमेकांना प्रभूची शांती द्या," तशी सगळी माणसं जागा सोडून निघाली, जो तो शेजारच्याचा हात हातात घेऊन "शांती असो, शांती असो" म्हणायला लागला. त्या गर्दीतून आशा वाट काढत आली आणि माझ्या समोर उभी राहिली.

"आई."

ती माझ्या कपाळाकडेच बघत होती.

"आई, तू कुंकू पुसून आलीस? माझ्यासाठी? हितं यायचं म्हनून?"

मी पदर कपाळावर ओढला.

"अगं, कशाला पुसलंस! हितं लावून आलं तरी कोन काय म्हनत नाय. काकू, सांगा की तिला." ती मार्थाबाईकडे वळली. "काकू, ही माझी आई."

"ही तुझी आई? घोटीची म्हणजे..." मार्थाबाईने माझ्या गळ्यात हातच टाकले. "अहो, आत्ताच तुमच्या मालकांचं नाव घेतलं आपण! बघ आशा, बघ. मी म्हणत होते की नाही, तो ऐकतो म्हणून!"

आशाला बोलू किती नि काय असं झालं होतं. पाच वर्षांचं साचलेलं. "चोरून आलीस ना? दादाला ठाव नसंल. नाना कसे हायेत? बोलता येतंय का त्यांला थोडं थोडं? मी ऐकलं, हात हालवतात म्हनून. आई, जाताना कुंकू लावून जा बरं. असं कपाळ घेऊन नानांच्या पुढं गेलीस तर ते काय समजतील! थांब, आमच्यात एक ताई हाये, तिच्या पर्समधी टिकलीचं पाकीट आस्तं, मी मागून आनते."

ती खरंच निघाली. त्या क्षणाला मला जे वाटलं ते मालकांच्या तिरडीपाशीही वाटलं नव्हतं. लेक मला कुंकू आणायला निघाली होती.

मी तिचं मनगट धरलं. साऱ्या घोटीला परवचा म्हणून दाखवलेला, आणि आता एक ओळ आठवेना. मी तिचा हात शालीच्या आत ओढला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

तिची बोटं तिथे थांबली. मग कोपरापर्यंत चाचपत वर गेली. खाली आली. मग तिने दुसरा हात शालीत घातला आणि माझं दुसरं मनगट धरलं.

"बांगड्या?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

तिचं हसू एकदम गेलं नाही. ते हळूहळू गेलं, आणि मला उभं राहून ते सगळं बघावं लागलं. भोवती माणसं हात मिळवत होती. कोणीतरी माझ्याही खांद्याला हात लावून "शांती असो, आई" म्हणून गेलं.

"कधी?"

"मागल्याच्या मागल्या शनवारी. पहाटं."

ती मनात काहीतरी जुळवत राहिली. "म्हंजी मागल्या रविवारी आमी..."

"हां."

"आन् त्याच्या मागल्या."

"हां, आशे."

"मला कोनी सांगितलं नाय."

"मी सांगाया आले."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मलाही कोणाशी तरी भांडायचं होतं. पण तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, "माझं नाव काढलं का त्यांनी? कधी तरी?"

खोटं बोलता आलं असतं. काढलं होतं म्हणायचं, काय लागतं? पण ज्याची वाचा गेली त्याने नाव कसं काढलं असं तिने विचारलं असतं, नर्स होती ती.

"वाचाच गेली व्हती, आशे. पानी पायजे तर भांडं वाजवायचे."

तिने मान खाली घातली. मला ती तशी सोडवेना. मग मी तिला रामकुंडावरचं सांगितलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण जे होते त्यांनी बघितलं होतं आणि बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

"पिंड ठिवला आन् सगळी मागं सरली. कावळे समोर रांगंनं बसल्याले. एक बी येईना. शेखर म्हनला, नाना, गिरनी नीट चालवीन. नाय आला. तुझा चुलता म्हनला, वहिनीला अंतर देनार नाय. नाय आला. नातवाचं झालं, शेताचं झालं, ईहिरीचं झालं. ऊन टाळूवर आलं. गुरुजी म्हनले, काय राह्यलंय ते आठवा. सगळ्यांला ठावं व्हतं, काय राह्यलंय. येकानं बी तोंड उघडलं नाय."

"मग?"

"मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आन् शिववला पिंडाला. उरकलं."

"तू म्हनायचंस, आई."

"मी बायांत मागं व्हते. मनात म्हनले. मनातलं कावळ्याला काय ऐकू जातंय?"

पाळकसाहेबांनी सगळ्यांना बसायची खूण केली. माणसं आपापल्या जागी गेली, बाकं करकरली, पेटीचा सूर लागला. आम्ही दोघीच मधल्या वाटेत उभ्या. मार्थाबाई माझ्या रिकाम्या मनगटांकडे बघत होती, शाल बाजूला झाली होती. तिला कळलं. तिने चष्मा काढला आणि नुसता हातात धरला.

"मी आस्ते तर?" आशाने विचारलं. "मी तितं उभी ऱ्हायले आस्ते तर, आई?"

ख्रिश्चन झालेली पोर, दर रविवारी त्या क्रूसापुढे गाणारी, आणि मला हे विचारत होती.

"तर लगीच आला आस्ता," मी म्हटलं. "तुला बघून लगीच आला आस्ता."

मग तिने आमच्याकडच्या बायका दारात घालतात तसा गळा काढला, बापाला हाका मारून मारून. पेटी थांबली. त्या शांत जागेत तो आवाज कुठल्या कुठे गेला, बाहेर टपरीवरून रावजी चपला हातात घेऊन धावत दारापर्यंत आला. पण चर्चमधलं एकही माणूस तिला गप्प राहा म्हणालं नाही. ते सगळे उठून उभे राहिले, आणि तिचं रडून होईपर्यंत तसेच उभे होते.